गळ्यावरची रेघ

आई, तुमच्या दिवसांत घरी आलेल्या जवळजवळ प्रत्येकानं मला एकच गोष्ट ऐकवली. "वृंदा, सासूचं फार केलंस गं." फलटणहून आलेल्या तुमच्या जाऊबाई म्हणाल्या, सेक्टरातल्या मराठी बायका म्हणाल्या. वरच्या मजल्यावरच्या मल्होत्रा आंटींनी तर माझा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, "तू बहू नहीं, बेटी थी उनकी." मी मान खाली घालून ऐकत राहिले. त्यांना वाटलं, मला रडू आवरत नाहीये. खरं म्हणजे मला कुणाच्या नजरेला नजर देववत नव्हती.

का, ते तुम्हाला माहीत आहे. पण माझ्या तोंडून तुम्ही ते कधीच ऐकलं नाहीत. दहा महिने मी आज सांगू, उद्या सांगू करत राहिले आणि नोव्हेंबरात तुम्ही गेलात. म्हणून लिहितेय. उशिरा लिहितेय, हे मला कळतंय.

अण्णा गेल्यावर माणदेशातल्या घराला कुलूप लावून तुम्ही आमच्याकडे दिल्लीला आलात, त्याला या डिसेंबरात पाच वर्षं झाली. द्वारकेच्या या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पहिले दोन-तीन महिने तुम्ही पाहुण्यासारख्या बसून असायचात. हिंदी समजायची, पण बोलायला गेलं की क्रियापदापाशी येऊन अडायची. भाजीवाल्याला तुम्ही "ये भेंडी कवळी है क्या?" असं विचारलंत आणि तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. डोक्यावरून दर थोड्या वेळानं विमान जायचं, तसं तुम्ही वर बघून म्हणायचात, "एवढी माणसं रोज जातात तरी कुठं गं? मग घरी कोण राहतं?"

या घरात तुम्हाला मनापासून काही आवडलं असेल, तर ते मागचं अंगण. अंगण म्हणायचं आपलं, बारा पावलं लांब आणि सात पावलं रुंद. एक पेरू, एक कढीपत्ता, कपड्यांची तार आणि भिंतीपलीकडे पार्कातला मोठा कडुनिंब. तुम्ही तिथे खुर्ची टाकलीत ती टाकलीतच. सकाळी आम्ही तिघं बाहेर पडलो, म्हणजे मी आणि सुहास ऑफिसला आणि जुई शाळेला, की पार दुपारपर्यंत तुमची बैठक तिथे. कधी मेथी निवडत, कधी विणत. मी समजत होते, तुम्ही ऊन खात बसता.

तुम्ही आकाश राखत बसायचात, हे मला पहिल्यांदा कळलं ते पावशामुळे. आठवतं? एप्रिलमधला शनिवार होता. मी कॅमेरा घेऊन धावत बाहेर आले आणि ओरडले, "आई, हलू नका! पेरूवर शिक्रा आलाय!" करड्या पाठीचा, पट्ट्यापट्ट्यांच्या शेपटीचा पक्षी. मी पटापट फोटो काढले. तुम्ही हातातली सुई थांबवून एकदा वर बघितलंत आणि म्हणालात, "अगं, शिक्रा कुठला? पावशा आहे तो. चोच बघ की. अशा सरळ चोचीनं काय मांस तोडणार?"

मी फोटो मोठा करून पाहिला. पावशाच होता. आपण दोघी इतक्या हसलो, की तो उडून गेला. तेव्हा मला तुमच्या बोलण्याचं काहीही वाटलं नाही. आज विचार करते, का नाही वाटलं? कारण तेव्हा बघायला तिसरं कुणी नव्हतं.

त्या दिवशी तुम्ही मला तुमच्या लहानपणाबद्दल सांगितलंत. सहा-सात वर्षांच्या असताना तुमच्या आईनं तुमच्या हातात काठी देऊन तुम्हाला कोंबडीच्या पिल्लांपाशी बसवलं होतं. शाळा सुरू होईपर्यंत आणि शाळा सुटल्यावर तेच काम. पिल्लू गेलं की मार. "घारीचं काय, तिच्याआधी तिची सावली येते," तुम्ही म्हणालात. "सावली बघायची, घारीकडे नाही बघायचं. कापशी आली तर तिला हाकलायची नाही, ती उंदरं खाते, उलट आपलंच काम करते. शिक्रा मात्र सांगून येत नाही. साळुंक्या ओरडायला लागल्या, की समजायचं." मग विणता विणता सहज म्हणालात, "एकदा तीन पिल्लं नेली एका शिक्र्यानं. तेव्हापासून त्याच्या जातीच्या प्रत्येकाचं तोंड मी पाठ केलंय."

मला हे सगळं पुस्तकातून शिकावं लागलं होतं. तेही पंचेचाळिशी ओलांडल्यावर, डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून. पार्कात चालताना रविवारी दुर्बिणी घेऊन फिरणारा एक ग्रुप भेटला आणि मी त्यांच्यात गेले. आई, तो ग्रुप माझ्यासाठी काय होता, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. मंत्रालयात माझं काम म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेल्या नोटवर दोन ओळी लिहून फाईल वर पाठवायची. वीस-बावीस वर्षांत माझं मत कुणी विचारलं नव्हतं. या ग्रुपमध्ये लोक माझ्याकडे वळून विचारायचे, "वृंदा जी, ये कौन सा है?" आणि मी सांगितलं की वहीत लिहून घ्यायचे. त्याची मला चटक लागली होती.

मागच्या डिसेंबरात ती पहिल्यांदा आली. मी संध्याकाळी ऑफिसातून आले, चहाचा कप हातात घेतला आणि तुम्ही म्हणालात, "आज नवीन पाखरू आलं होतं. शिक्र्याच्या जातीचं, पण शिक्रा नाही. भिंतीवरून असं खाली खाली आलं आणि होला घेऊन गेलं."

"आई, शिक्राच असेल. मादी असेल. मादी मोठी असते."

"शिक्र्याची मादी मी काय पाहिली नाही का?"

मग हा आपला रोजचा वादच झाला. मी घरात शिरले, की तुम्ही तिची बातमी द्यायचात आणि मी ती खोडून काढायची. शिक्रा तारेवर उघडा बसतो, ही पानांत दडून बसते. शिक्रा ओरडतो, हिचा आवाज म्हणून नाही. भुवई पांढरी आहे. पाय लांब आणि बारीक, "माझ्या या सुयांसारखे," असं म्हणून तुम्ही विणायच्या सुया माझ्यासमोर धरल्यात. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे गळा. "शिक्र्याच्या गळ्यावर मधोमध एक बारीक रेघ असते. हिचा गळा साफ आहे. ही आपल्याकडची नव्हे वृंदा. थंडीची कुठून तरी लांबून आलीय."

"मग नाव काय तिचं?"

"नाव मला काय ठाऊक? आमच्याकडे येतच नव्हती, तर नाव कोण ठेवील?"

तुम्हाला नाव सांगता आलं नाही, म्हणून मी जिंकले असं समजायचे. तरी त्या वादात मला मजा यायची हो. ऑफिसातून येताना मेट्रोत मी विचार करायचे, आज आई काय नवीन काढतील. लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि आपल्या दोघींना बोलायला पहिल्यांदाच स्वयंपाक आणि सुहास सोडून विषय मिळाला होता.

एका शनिवारी ती मलाही दिसली. पेरूच्या फांदीवर, तोंड आपल्याकडे करून. मी छान फोटो काढले, ग्रुपवर टाकले, खाली लिहिलं, "शिकरा, मादा, मेरे घर के पीछे." कौतुकाचा पाऊस पडला. भटनागर सर, म्हणजे आमच्या ग्रुपचे सगळ्यांत जुने, त्यांनी लिहिलं की पुढच्या रविवारी सगळे वृंदा जींच्याच घरी येऊ, शिकरा पण बघू आणि चहा पण घेऊ.

त्या रविवारबद्दल लिहायला मी तीनदा बसले आणि तीनदा उठले.

नऊ जण आले होते. नोएडाहून दोघं तर पहाटे निघून आले होते. जुईनं आतल्या खुर्च्या बाहेर आणून मांडल्या. तुम्ही नवी शाल अंगावर घेऊन दाराशी उभ्या होतात. आदल्या दिवशी मला विचारलं होतंत, "मी थांबले तर चालेल ना गं?" आणि मी म्हटलं होतं, "म्हणजे काय, तुमचंच अंगण आहे."

ऊन वर आलं आणि ती आली. सगळे श्वास धरून बघत होते. मी हळू आवाजात सांगत होते: शिकरा आहे, मादी आहे, आकारावरून कळतं. तेवढ्यात तुम्ही दोन पावलं पुढे आलात आणि तुमच्या त्या हिंदीत म्हणालात, "ये वो नहीं है जी. ये दूसरी है. गला देखो इसका."

सगळे तुमच्याकडे वळले. एका बाईंनी कौतुकानं विचारलं, "अरे वाह, आंटी जी भी बर्डिंग करती हैं?"

आई, मला तेव्हा काय झालं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. माझ्या अंगणात, माझ्या लोकांसमोर, माझं ओळखणं खोटं ठरतंय असं वाटलं. आणि मी हसून म्हणाले, "नहीं नहीं. इनका मोतियाबिंद का ऑपरेशन बाकी है. इनको तो कौआ भी दूसरा दिखता है."

सगळे हसले. वाईट मनानं नाही, आपलं सहज. जुईसुद्धा हसली.

तुमच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं त्याच्या आदल्या वर्षीच झाली होती. मीच रजा घेतली होती. दीड महिना दिवसातून चार वेळा मीच तुमच्या डोळ्यांत थेंब घालायचे. पट्टी काढल्यावर तुम्ही अंगणात उभ्या राहून समोरच्या टाकीवरच्या पारव्यांच्या पायांचा रंग मला सांगितला होता आणि लहान मुलीसारख्या खूश झाला होतात. त्या डोळ्यांबद्दल मी खोटं बोलले. आणि "मोतियाबिंद" हा शब्द तुम्हाला समजणार नाही, असंही मी स्वतःला सांगू शकत नाही. डॉक्टर तुमच्याशी तोच शब्द बोलत होते.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. अगदी थोडा वेळ. "माझं ऑपरेशन झालंय," एवढं तुम्ही म्हणू शकला असतात. तुमच्या मोडक्या हिंदीतही ते सहज जमलं असतं. त्याऐवजी तुम्ही सगळ्यांना म्हणालात, "बैठो, मैं चाय लाती," आणि आत गेलात. नऊ जणांचा चहा केलात. आलं घालून. सगळ्यांनी पुन्हा पुन्हा तारीफ केली. तुम्ही मात्र कप पाठवून दिलेत, स्वतः बाहेर आला नाहीत.

त्यानंतर तुम्ही मला तिची बातमी देणं थांबवलंत. रागावून नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, भांडून मोकळी झाले असते. मी चहा घेता घेता मुद्दाम विचारायचे, "आज आली होती का हो?" तुम्ही म्हणायचात, "लक्ष नव्हतं गं." दिवसभर तिथेच बसलेल्या बाईचं लक्ष नव्हतं!

मार्चमध्ये भटनागर सरांचा फोन आला. जुने फोटो लावता लावता त्यांनी माझा फोटो मोठा करून पाहिला होता. "वृंदा जी, ये शिकरा नहीं है. गले पे लकीर ही नहीं है. ये तो युरेशियन स्पॅरोहॉक की मादा है, सर्दियों में पहाड़ों के उस पार से आती है. आपके आँगन में! आपको शक नहीं हुआ?"

मराठी पुस्तकात तिला चिमणीमार ससाणा म्हणतात. तुम्ही नाव विचारलं नव्हतंत, पण आता तरी सांगते.

मी स्वयंपाकघरात उभी होते. तुम्ही अंगणात होतात, दाराच्या जाळीतून मला तुमची पाठ दिसत होती. मी म्हणाले, "हुआ था, सर. गला देखकर ही शक हुआ था."

हे वाक्य मी ठरवून बोलले नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला समजावत होते. ठरवून नसेल बोलले. पण ते परत घ्यायला माझ्याकडे तो फोन चालू असेपर्यंतचा वेळ होता, तो संध्याकाळपर्यंतचा वेळ होता, आख्खा आठवडा होता. मी घेतलं नाही. उलट सर म्हणाले की एप्रिलच्या बैठकीत मीच यावर बोलावं, तर मी हो म्हटलं.

बैठक कॉम्प्युटरवर होती. संध्याकाळी सहाला मी जुईच्या टेबलाशी बसले, दार लोटून घेतलं. आणि तुमचं सगळं बोलले. भिंतीवरून खालून येणं, पानांत दडून बसणं, पांढरी भुवई, गळा. "पैर ऐसे, जैसे स्वेटर बुनने की सलाइयाँ," असंही म्हणाले. कुणीतरी मध्येच माईक चालू करून म्हणालं, "सलाइयाँ! क्या नज़र है आपकी!" मी "थँक यू" म्हटलं. तुमचं नाव नाही घेतलं. एकदाही नाही.

बाहेर आले, तर तुम्ही हॉलमध्ये मेथी निवडत बसला होतात. दार लोटलेलं होतं, बंद नव्हतं. टीव्ही बंद होता. तुम्ही वर बघून म्हणालात, "चांगलं बोललीस."

आई, अठरा-एकोणीस वर्षांत मला तुमची एक गोष्ट पक्की कळली होती. घरच्या माणसाला तुम्ही कधी नुसतं "चांगलं" म्हणाला नाहीत. माझी पुरणपोळी आवडली की म्हणायचात, "कडा जाड राहिल्यात, पण बरी आहे," आणि दुसरी घ्यायचात. जुईच्या नाचाला म्हणालात, "हात बरे होते, तोंड कशाला वाकडं करत होतीस?" आणि मग आठवडाभर सगळ्यांना फोन करून त्या नाचाबद्दल सांगितलंत. नुसतं "चांगलं आहे" तुम्ही वरच्या मजल्यावर म्हणायचात, मल्होत्रा आंटींच्या राजम्याला. त्या संध्याकाळी तुम्ही मला वरच्या मजल्यावर पाठवलंत. मी ते समजले. आणि "चहा टाकू का?" एवढं बोलून आत गेले.

त्यानंतरही तुम्ही माझा डबा भरत राहिलात. उन्हाळ्यात मला चक्कर आली तेव्हा ऑफिसातून घरी येईपर्यंत पन्हं करून ठेवलं होतंत. पावसाळ्यात माझ्यासाठी मोरपंखी रंगाचा बिनबाह्यांचा स्वेटर विणायला घेतलात, माप घ्यायला मला उभं केलंत, तुमची बोटं माझ्या खांद्यावर होती. मी तेव्हा तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. तुम्ही म्हणालात, "हलू नको," आणि मी त्या दोन शब्दांचा आडोसा घेऊन गप्प बसले. प्रत्येक वेळी असा काहीतरी आडोसा मिळाला. पाहुणे आहेत, आईंचं बीपी वाढलंय, जुईची परीक्षा आहे. खरं कारण इतकंच होतं की तुमच्या नजरेत मी जी काही उरले होते, तेवढीही उरणार नाही अशी मला भीती होती.

नोव्हेंबरात हवा बिघडली तशी तुमची छाती भरली. हॉस्पिटलात सात दिवस. सहाव्या दिवशी दुपारी सुहास औषधं आणायला खाली गेला होता, खोलीत आपण दोघीच होतो. तुम्ही ऑक्सिजनचा मास्क बाजूला केलात आणि म्हणालात, "थंडी पडली ना गं बाहेर? आता येत असेल ती. भिंतीवरनं."

दहा महिन्यांनी तुम्ही तिचं नाव काढलंत. स्वतःहून. माझ्यासमोर तुम्ही दार उघडून धरलं होतं, मला फक्त आत यायचं होतं. मी काय म्हणाले? "आई, बोलू नका. दम लागेल." आणि मास्क पुन्हा नीट बसवला. तेवढ्यात आत आलेली नर्स म्हणाली, किती काळजी घेतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला तुम्ही गेलात.

तेराव्यानंतर मी ग्रुपवर सगळं लिहिलं. अगदी सगळं. डोळ्यांबद्दलचं खोटं, सरांना दिलेलं उत्तर, बैठकीतलं भाषण. हिंदीत लिहिलं, म्हणजे कुणाला कळलं नाही असं व्हायला नको. लिहिलं की तो पक्षी माझ्या सासूबाई, कमलाबाई, यांनी ओळखला होता, नोंदीत त्यांचं नाव घाला, माझं काढा. पाठवलं आणि फोन हातात धरून बसले. वाटलं, आता कुणीतरी काहीतरी बोलेल. भटनागर सर तरी बोलतील.

हात जोडलेल्यांची रांग लागली. "कितनी बड़ी बात कही आपने." "ऐसी बहू सबको मिले." "इतनी हिम्मत सबमें नहीं होती." सरांनी नाव बदललं आणि लिहिलं, "आप पर गर्व है." त्यातही मलाच शाबासकी मिळाली, आई! तुमचं नाव घेऊन मी पुन्हा माझंच कौतुक करून घेतलं. मी फोन पालथा ठेवला आणि कितीतरी वेळ बाथरूममध्ये नळ सोडून उभी राहिले.

मग वाटलं, ज्यांना काही फरक पडत नाही त्यांना सांगून झालं, आता घरात सांगायचं. सुहासला सांगितलं. तो ऐकत राहिला, शेवटी म्हणाला, "तू तिला सांगायला हवं होतंस," आणि तुमच्या खोलीत जाऊन बसला. त्याचं बरोबर आहे. अजून तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो. तेही बरोबर आहे.

काल दुपारी जुईला सांगितलं. ती तिथे होती, हसली होती, मी तिला त्या दिवशी काय शिकवलं हे मला तिला सांगायलाच हवं होतं. ती पलंगावर पाय दुमडून बसली होती. मी अर्ध्यावर आले तेव्हा ती म्हणाली, "मम्मा, मला माहितेय. मी तिथेच होते ना यार. मी पण हसले होते."

"तू लहान होतीस."

"इतनी भी नहीं. मला माहीत होतं आजीचं ऑपरेशन झालंय. तरी हसले. मग मला एकदम कसंतरीच झालं, म्हणून मी किचनमध्ये गेले. आजी कप मांडत होती. मी तिला सॉरी म्हटलं."

"कधी?"

"तेव्हाच. तुम्ही सगळे बाहेर होतात तेव्हा."

मला पुढचं विचारायचं नव्हतं. तरी विचारलं. "काय म्हणाल्या आजी?"

जुईनं पाय पलंगाखाली सोडले. मग तुमच्याच आवाजाच्या चालीत, जसंच्या तसं सांगितलं. "म्हणाली, असू दे गं. तुझ्या आईला सांगू नकोस मला ते कळलं म्हणून. तिला वाईट वाटेल."

चौदा वर्षांच्या मुलीला एक मिनिट लागलं होतं. चहाला उकळी यायच्या आत तिचं सांगून झालं होतं, तुमचं माफ करून झालं होतं, आणि दोघी मिळून माझे कप भरत होतात. मी बाहेर लोकांना दुर्बीण कशी धरायची ते दाखवत होते.

तेव्हापासून मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडतेय. जिवंतपणी एका पाखरावरून भांडलो, आता यावरून. तुमचं पाखराबद्दलचं सगळं बरोबर होतं, आई. पण हे चुकलं तुमचं. वाटू द्यायचं होतं मला वाईट.